रिप्लेनिश झालं म्हणे! पण भरलं कुणी?

काही इंग्रजी शब्द ऑफिसात शिरले की आधीच्या साध्या शब्दांची बदली होते. 'यूज' गेला, 'युटिलाइज' आला. 'स्टार्ट' गेला, 'इनिशिएट' आला. तसाच बिचारा 'फिल' गेला आणि त्याच्या खुर्चीत टाय लावून 'रिप्लेनिश' येऊन बसला. आता पॅन्ट्रीत कॉफीची पावडर कोणी भरत नाही, ती रिप्लेनिश होते. दुकानात माल भरत नाहीत, तिथे ऑटो-रिप्लेनिशमेंट असतं. तोंडाला लावायच्या क्रीमच्या डबीवर 'रिप्लेनिशिंग' लिहिलेलं असतं. एचआरच्या स्लाइडवर 'टॅलेंट पूल रिप्लेनिशमेंट' असतं. आणि हे सगळं वाचून आपण मान डोलावतो, कारण शब्द भारदस्त आहे आणि विचारलं तर आपलंच इंग्रजी कच्चं ठरेल.

मी दुकानं आणि गोदामांची सॉफ्टवेअरं लिहितो. हा शब्द दिवसातून किती वेळा टाइप करतो याचा हिशोब ठेवलेला नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधीच सांगतो, शब्द वाईट नाही. उलट चांगल्या घरचा आहे. माझं भांडण आपल्या वापराशी आहे. किती भरायचं, कुठून भरायचं आणि कोण भरणार, ही तीन उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याने 'रिप्लेनिश' म्हणावं. आपण मात्र हा शब्द नेमका ही तीन उत्तरं नसताना वापरतो. ती नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून वापरतो.

तर आधी घराणं.

लॅटिनमध्ये 'प्लेनुस' म्हणजे भरलेलं. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे रिप्लेनिश इंग्रजीत आला. हा 'प्लेनुस' आणि आपला संस्कृत 'पूर्ण' एकाच मुळाचे आहेत, म्हणजे सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्कीच. इंग्रजीतले फुल, प्लेंटी, कम्प्लीट, सप्लाय, सप्लिमेंट, डिप्लीट हे सगळे याच गोतावळ्यातले. आपल्याकडे पुरणे, पुरवणे, पुरवठा, पुरेसं, पुरेपूर, इतकंच काय नदीला येणारा पूरसुद्धा याच कुळातला. परीक्षेत आम्ही 'सर, पुरवणी!' म्हणून हात वर करायचो आणि इंग्रजी मीडियमवाले 'सर, सप्लिमेंट!' म्हणायचे. दोघं चुलत भावंडांनाच हाका मारत होतो. होळीच्या पोळीत जे पुरण असतं तेही हेच, पुरण म्हणजे आत भरायचा ऐवज. तेव्हा रिप्लेनिशला परका म्हणून हाकलायचं काही कारण नाही. पुरणपोळीचा नातेवाईक आहे तो. :-)

आता गंमत त्या 'री'ची. आपल्याला वाटतं री म्हणजे पुन्हा. रीस्टार्ट, रीबूट, रीटेस्ट, तसा रिप्लेनिश. पण मुळात इथल्या 'री'चा अर्थ 'पुन्हा' असा नव्हता, तो जोर द्यायला होता. काठोकाठ भरणे, चांगलं ओतप्रोत भरणे. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये हर्मायनी राणी एका कल्पित खलनायकाला 'रिप्लेनिश्ड' म्हणते. म्हणजे त्याच्यात कुणी पुन्हा खलपणा भरला असं नव्हे, तो पुरेपूर, शंभर टक्के खलनायक आहे.

याहून मोठा घोळ बायबलमध्ये झाला. १६११ साली किंग जेम्सचं इंग्रजी बायबल आलं. त्यातल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माशांना समुद्राचं पाणी भरून टाकायला सांगतो, तिथे शब्द आहे 'फिल'. पुढे सहा ओव्यांनी माणसांना पृथ्वी भरून टाकायला सांगतो, तिथे शब्द आहे 'रिप्लेनिश'. हिब्रूत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, साधं 'भरा'. भाषांतरकारांनी नुसता शब्द बदलला, त्या काळी दोन्हींचा अर्थ एकच होता. पण पुढे इंग्रजीत रिप्लेनिशला 'पुन्हा भरणे' हा अर्थ चिकटला, आणि मग काही वाचक म्हणू लागले की बघा, 'पुन्हा' भरा म्हटलंय, म्हणजे आदमच्या आधीही पृथ्वी माणसांनी भरलेली होती! एका उपसर्गावर अख्खी सृष्टी उभी केली लोकांनी. नंतरच्या बऱ्याच इंग्रजी भाषांतरांनी तिथे निमूटपणे 'फिल' घातला.

सांगायचा मुद्दा असा की या शब्दात एक छुपा दावा आहे. रिप्लेनिश म्हटलं की ऐकणारा धरून चालतो की आधी भरलेलं होतं, मधे वापरून कमी झालं आणि आता परत पहिल्यासारखं झालं. आजच्या इंग्रजीत नेमका हाच अर्थ आहे, आणि शेजारच्या शब्दांहून तो वेगळाही आहे. रीफिल म्हणजे त्याच भांड्यात तोच पदार्थ परत घालणे, पेनात शाई. टॉप-अप म्हणजे थोडं शिल्लक असताना वरून भर घालणे, मोबाइलचा बॅलन्स. रीस्टॉक म्हणजे दुकानदाराने माल भरणे. रिप्लेनिश यांच्यापेक्षा मोठं काहीतरी सांगतो, की गेलेलं परत आलं आणि पातळी पूर्ववत झाली. यातला 'पूर्ववत' महत्त्वाचा. हे वचन आहे. उगाच मेलमध्ये टाकायची शोभेची वस्तू नाही.

हे वचन पाळलेलं कुठे दिसतं? तीन जागा सांगतो.

पहिली, समुद्र. युद्धनौकांना भर समुद्रात इंधन आणि सामान पुरवण्याला 'रिप्लेनिशमेंट अ‍ॅट सी' म्हणतात. आपल्या नौदलाकडे आयएनएस दीपक आणि आयएनएस शक्ती ही यासाठीची टँकर जहाजं आहेत, दोन्ही २०११ साली दाखल झालेली. दोन जहाजं एकाच वेगाने शेजारी शेजारी चालतात, एकावरून दुसऱ्यावर दोर जातो, मग त्याच्या आधाराने होज जातो आणि तेल वाहू लागतं. कुठून येतंय ते दिसतं, कुठे जातंय ते दिसतं, किती गेलं ते मोजतात, आणि होज धरलेली माणसं डेकवर उभी असतात. इथे रिप्लेनिश म्हणायला माझी काहीएक हरकत नाही. सलाम आहे.

दुसरी, जागतिक बँकेची गरीब देशांना स्वस्त कर्ज आणि अनुदान देणारी शाखा, इंटरनॅशनल डेव्हलपमेंट असोसिएशन. १९६० साली सुरू झाली. तिची तिजोरी साधारण दर तीन वर्षांनी भरतात आणि त्या कार्यक्रमाला नावच 'रिप्लेनिशमेंट' आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलला जी बैठक झाली, तिथे देणाऱ्या देशांनी २३.७ अब्ज डॉलर कबूल केले, आणि त्याच्या जोरावर बाजारातून कर्ज वगैरे उभारून एकूण १०० अब्जांचा आकडा जाहीर झाला. या बँकेच्या धोरणांवर कुणी कितीही टीका करावी, पण कोण देणार, किती देणार, किती वर्षांसाठी, हे कागदावर आहे.

तिसरी, टोयोटाचा कारखाना. ताइइची ओनो या इंजिनियरला अमेरिकन सुपरमार्केटची पद्धत आवडली. गिऱ्हाईक कप्प्यातून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरलं जातं. त्याने तीच पद्धत कारखान्यात आणली, त्यातून कानबान आलं. आज कानबान म्हटलं की आपल्याला जिराचा बोर्ड आठवतो, पण मूळ कानबान म्हणजे सुट्या भागांच्या पेटीबरोबर फिरणारी साधी पाटी. त्यावर कोणता भाग, किती नग, कुठून कुठे न्यायचा हे लिहिलेलं. म्हणजे माझे प्रश्न पाटीवरच सुटलेले, आणि पाटी हातात असणारा माणूस म्हणजे तिसरं उत्तर.

आता आमच्या सॉफ्टवेअरकडे येऊ. ऑटो-रिप्लेनिशमेंटच्या पोटात काही जादू नाही, चौथीचं गणित आहे. एका दुकानात बिस्किटाचे रोज २० पुडे खपतात. ऑर्डर दिल्यापासून माल यायला ४ दिवस लागतात. म्हणजे ८० पुडे त्या चार दिवसांत जाणार. ऐनवेळी गाडी अडकली किंवा खप वाढला तर म्हणून ३० पुडे जादा. ८० अधिक ३० म्हणजे ११०. साठा ११०वर आला की ऑर्डर सोडायची. याला रीऑर्डर पॉइंट म्हणतात. कोपऱ्यावरचा वाणी हे बोटांवर करतो आणि म्हणतो, "माल भरायला झालाय."

वाण्याच्या वाक्यात आणि आमच्या स्क्रीनमध्ये फरक एवढाच की वाणी 'भरायला झालाय' म्हणाला की तो उठतो. स्क्रीनवर 'रिप्लेनिशमेंट : कम्प्लीटेड' असं हिरव्या अक्षरात येतं आणि सगळे बसतात.

'कम्प्लीटेड' म्हणजे काय झालं? ऑर्डर तयार झाली? पुरवठादाराला गेली? गोडाऊनमधून गाडी निघाली? दुकानाच्या मागच्या दाराशी खोकी उतरली? की गिऱ्हाइकाचा हात पोचेल अशा कप्प्यात पुडा ठेवला गेला? हे पाच वेगवेगळे प्रसंग आहेत आणि त्यांच्यात पाच दिवसांचं अंतर असू शकतं. एका क्लायंटकडे, औषधांची दुकानं होती त्यांची, गाडी निघाली की रिप्लेनिश्ड असा शिक्का पडायचा. काउंटरवरची मुलगी इन्सुलिन मागणाऱ्या आजोबांना सांगायची, "सिस्टिममध्ये आलेलं दाखवतंय काका, पण इथे नाहीये." वरच्या मॅनेजरच्या रिपोर्टात मात्र सगळं हिरवंगार. मीटिंगमध्ये मी म्हणालो की या स्टेटसचं नाव बदला, 'गाडी निघाली' असं लिहा. उत्तर मिळालं, रिप्लेनिश्ड हा इंडस्ट्री-स्टँडर्ड शब्द आहे, आणि 'डिस्पॅच्ड' लिहिलं तर आकडा खराब दिसेल. बघा म्हणजे. आकडा खराब दिसू नये म्हणून शब्द चांगला निवडायचा! आजोबांच्या साखरेचं काय ते आजोबा बघतील.

याहून वाईट प्रकार म्हणजे भुताचा साठा. थट्टा नाही, धंद्यात खरंच 'फँटम इन्व्हेंटरी' म्हणतात. कॉम्प्युटर म्हणतो ६ नग शिल्लक. प्रत्यक्षात कप्पा रिकामा, कारण काही फुटले, काही चोरीला गेले, एखादा भलत्याच कोडवर स्कॅन झाला. रीऑर्डर पॉइंट ५ आहे. ६ हे ५पेक्षा जास्त, त्यामुळे ऑर्डर सुटत नाही. कप्प्यात काही नाही म्हणून काही विकलं जात नाही, म्हणून ६चे ५ कधी होत नाहीत, म्हणून ऑर्डर कधीच सुटत नाही. कोड बरोबर, गणित बरोबर, आणि कप्पा मोजणी होईपर्यंत रिकामाच. हे कोण पकडतं? एआय नाही पकडत. कप्प्यासमोर उभा असलेला पोऱ्या पकडतो, जो म्हणतो, "साहेब, हे कधीचं संपलंय." 'ऑटो-रिप्लेनिशमेंट' या नावात त्या पोऱ्याला जागाच नाही. मग खर्च कमी करताना पहिला तोच जातो, आणि भुतं वाढतात.

शब्द वस्तूपासून सुटा झाला की काय होतं याचं एक सरकारी उदाहरणही आहे. १९९१च्या आधी आपल्याकडे निर्यातदारांना आर. ई. पी. लायसन्स मिळायचं. त्यातलं आर. ई. पी. म्हणजे रिप्लेनिशमेंट. कल्पना रास्त होती. निर्यातीच्या मालात जो आयात केलेला कच्चा माल खर्ची पडला, तेवढा परत आयात करून भरून घ्यायची मुभा. पण ही लायसन्सं विकता यायची, आणि आयातीवर इतकी बंधनं होती की बाजारात त्यांना प्रीमियम मिळायचा. म्हणजे भरायचा माल राहिला बाजूला, भरण्याच्या परवानगीचाच बाजार झाला. जुलै १९९१च्या व्यापार धोरणात त्यांच्या जागी एक्झिम स्क्रिप नावाचा प्रकार आला आणि पुढच्या वर्षी तोही गेला.

इथपर्यंत बिस्किटं आणि लायसन्सं होती. बिस्किट नाही मिळालं तर आपण उपाशी मरत नाही. पण हाच शब्द पाण्याला लावला की प्रकरण गंभीर होतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या जुन्या अहवालांत जमिनीखालच्या पाण्याच्या रकान्याचं नाव असायचं 'अ‍ॅन्युअल रिप्लेनिशेबल ग्राउंड वॉटर रिसोर्स'. २००४च्या मोजणीत देशासाठी हा आकडा ४३३ अब्ज घनमीटर होता आणि उपसा उपलब्ध पाण्याच्या ५८ टक्के. वाचणाऱ्याला वाटावं, वा, निम्म्याच्या थोडं वर, अजून पुष्कळ आहे आणि दरवर्षी परत भरणारच आहे. त्याच अहवालात पंजाबचा उपसा १४५ टक्के होता. दरवर्षी वापरता येण्यासारखे १०० हंडे, काढले १४५. वरचे ४५ कुठून आले? आधीच्या पिढ्यांच्या साठ्यातून. ते 'रिप्लेनिशेबल' नव्हतेच. 'रिप्लेनिशेबल' म्हणजे भरू शकणारं, भरलेलं नव्हे. त्या शेवटच्या 'एबल'मध्ये एक अख्खं राज्य बुडू शकतं, किंवा पाण्याच्या भाषेत म्हणायचं तर कोरडं पडू शकतं.

पुढच्या मोजण्यांमध्ये ही भाषा सुधारली. आता दोन वेगळे रकाने असतात. दरवर्षी जमिनीत किती पाणी मुरलं हा एक, आणि त्यातलं किती उपसता येईल हा दुसरा. २०२४च्या अहवालात हे आकडे सुमारे ४४७ आणि ४०६ अब्ज घनमीटर आहेत. रकान्याचं नाव बदलून पाणी वाढत नाही हे कबूल. पण 'आलं किती' आणि 'घ्यायचं किती' हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे तरी त्या नावांवरून कळतं. एका गोंडस शब्दाने दोन्ही झाकले होते.

महाराष्ट्रात आपण याला पुनर्भरण म्हणतो, आणि हा शब्द कागदावर राहिला तर रिप्लेनिशचाच जुळा भाऊ आहे. आपला बहुतेक भाग बेसाल्टच्या कातळावर वसलेला. पाणी राहतं ते कातळाच्या फटीत आणि वरच्या झिजलेल्या थरात, जागा मुळातच थोडी. पावसाळ्यात विहीर पटकन भरते आणि उन्हाळ्याआधी पटकन तळ गाठते. ज्या शेतकऱ्याने शेतातलं वाहतं पाणी खड्ड्यात वळवलंय, खड्ड्यात दगड, खडी, वाळूचे थर घातलेत आणि तिथून पाइप विहिरीत सोडलाय, त्याने 'विहीर पुनर्भरण केलं' म्हणावं, शंभरदा म्हणावं. खड्डा कुणी खणला, पाणी कुठून आलं, विहिरीत किती चढलं, सगळं तो सांगू शकतो. पण जिथे दरवर्षी एक बोअर आणखी खोल जाते आणि फलकावर 'भूजल पुनर्भरण' लिहिलेलं असतं, तिथे त्या शब्दाचा उपयोग फलक रंगवणाऱ्याला मजुरी मिळण्यापुरता.

आणि आता आपल्या क्युबिकलमध्ये परत येऊ, कारण तिथे हा शब्द माणसांना लावतात.

कुणी राजीनामा दिला की पहिला मेल जातो 'बॅकफिल'चा. खड्डा पडलाय, माती टाका. बेंचवरून एक 'रिसोर्स' घ्या, पूल रिप्लेनिश करा. आता माझे तीन प्रश्न विचारून बघा. पातळी कोणती? जी मुलगी पाच वर्षं त्या मॉड्यूलवर होती, रात्री दोनला कुठला जॉब का पडतो हे जिला लॉग न बघता कळायचं, तिची पातळी कुठल्या एक्सेलमध्ये मोजली होती? कुठून भरणार? बेंचवरच्या मुलाला ते कुणी लिहून दिलेलं नाही. कोण भरणार? याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. उरलेले चौघं भरणार, शनिवार-रविवार येऊन. पण शीटवर हेडकाउंट १२ होता, परत १२ झाला. रिप्लेनिश्ड. हिरवा.

मग त्याच चौघांना शुक्रवारी वेलनेसचा मेल येतो, विश्रांती घ्या, ऊर्जा 'रिप्लेनिश' करा, योगासनांचं सेशन अकरा वाजता. इथे तर कमालच आहे. उपसणारा एक, भरायची जबाबदारी मात्र ज्याच्यातून उपसलं त्याच्यावर! विहिरीलाच सांगायचं की बाई, जरा स्वतःकडे लक्ष दे, पाणी वाढव. उपसा कमी करतो असं कुणी म्हणत नाही.

आता आक्षेप. मित्रांशी वाद घालून झालाय, त्यामुळे माहीत आहेत.

पहिला आक्षेप, अरे हा टेक्निकल शब्द आहे, जगभर चालतो, तू काय नवीन डिक्शनरी काढणार का? नाही. टेबलाचं नाव, एपीआयचं नाव, मॉड्यूलचं नाव खुशाल रिप्लेनिशमेंट असू दे. तिथे तो एक पत्ता आहे. माझा आक्षेप आहे तो माणसाने माणसाला सांगायच्या वाक्यात, स्टेटसमध्ये, रिपोर्टात तो वापरण्याला. तिथे काय झालं ते सांगायचं असतं.

दुसरा आक्षेप मराठीप्रेमींचा. मग 'पुनःपूर्ती' म्हणा ना! माफ करा, पण 'पुनःपूर्ती करण्यात आली आहे' हे वाक्य रिप्लेनिशपेक्षा वाईट आहे, कारण ते रिप्लेनिशचा टाय काढून त्याला सरकारी सफारी घालतं. करण्यात आली, पण कुणी केली? दुखणं इंग्रजीचं नाही. क्रिया गोठवून तिचं नाम करायचं आणि करणाऱ्याला वाक्यातून घालवायचं हे ते दुखणं आहे, आणि ते आपल्या जी.आर.च्या मराठीतही भरपूर आहे.

'भरणे' बघा. घरात किराणा भरतात, पिंप भरतात, पिंपात पाणी भरतात. भांडंही भरतं आणि वस्तूही भरते, अगदी रिप्लेनिशसारखंच. पण 'भरलं' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुणी? हा प्रश्न साध्या शब्दालाच विचारला जातो.

तिसरा आक्षेप जरा चांगला आहे. शब्दांचे शिष्टाचार असतात की. आपल्याकडेही डबा रिकामा झाला तर 'साखर संपली' म्हणत नाहीत, 'साखर वाढली' म्हणतात. मग कंपनीने गोड शब्द वापरला तर एवढा राग का? बरोबर आहे, आज्या-पणज्यांनीही शब्द झाकून वापरले. पण आजीने 'साखर वाढलीय रे' असं म्हटलं की पुढच्या दहा मिनिटांत कुणीतरी पिशवी घेऊन जिना उतरत असे. तिच्या गोड शब्दाचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होता, आणि कुणाला पाठवायचं हेही तिला ठाऊक होतं. आपल्या गोड शब्दानंतर जिना कुणीच उतरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला बजेट लागत नाही. स्टेटस लिहिताना वाक्याला कर्ता द्या. 'स्टॉक रिप्लेनिश्ड' ऐवजी 'गोडाऊनमधून ४० पुडे निघाले, मंगळवारी सकाळी ११ पर्यंत दुकानात पोचतील, कप्प्यात लावायचं काम दुपारच्या पाळीकडे' असं लिहा. लांब होतं? होऊ दे. हे लिहिता येत नसेल तर याचा अर्थ काम झालेलं नाही. आणि टीममधला माणूस गेला तर 'पूल रिप्लेनिश केला' ऐवजी 'ती गेली, तिचं अमुक काम तीन महिने होणार नाही, क्लायंटला तसं कळवलंय' असं लिहिणारा मॅनेजर मला दाखवा. त्याच्या टीममध्ये मी यायला तयार आहे.

तोपर्यंत 'रिप्लेनिश्ड' असा मेल आला की रिप्लाय-ऑल करून तीनच शब्द पाठवा : किती, कुठून, कोणी? उत्तर आलं तर ठीक, शब्दाने आपलं काम केलं. नाही आलं तर खुर्चीतून उठा आणि कप्पा स्वतः बघून या.